रोहिंग्या : हेगमध्ये खटले चालू आहेत, मग परतीची वाट कोठे अडली?

नदीकाठ

आमच्या गावच्या वाचनालयात महिन्याच्या दुसऱ्या रविवारी अभ्यासमंडळ भरते आणि या खेपेला रोहिंग्यांचा, म्हणजे म्यानमारच्या पश्चिमेकडील रखाइन प्रांतातल्या मुसलमान समाजाचा, विषय माझ्या वाट्याला आला आहे. दोन आठवडे मिळेल ते वाचतो आहे, पण प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी येऊन अडतो, म्हणून येथील जाणकारांना विचारावे असे ठरवले.

घटनाक्रम साधारण ठाऊक आहे. २५ ऑगस्ट २०१७ रोजी ‘अर्सा’ (आराकान रोहिंग्या सॅल्व्हेशन आर्मी) या रोहिंग्यांच्या सशस्त्र गटाने उत्तर रखाइनमधील सुमारे तीस पोलीस चौक्यांवर हल्ले केले. त्यानंतर म्यानमारच्या लष्कराने जी मोहीम काढली तिच्यात गावेच्या गावे जाळली गेली, स्त्रियांवर सामूहिक बलात्कार झाले आणि सात लाखांहून अधिक माणसे नाफ नदी ओलांडून किंवा डोंगर तुडवत बांगलादेशात आली. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ने छावण्यांत केलेल्या पाहणीवरून पहिल्या महिन्यातच हिंसाचारात किमान ६,७०० जण मेल्याचा अंदाज दिला, त्यांत पाच वर्षांखालची मुले किमान ७३० होती. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे मानवी हक्क उच्चायुक्त झैद राद अल हुसेन यांनी त्याच वर्षीच्या सप्टेंबरात याला वांशिक शुद्धीकरण म्हटले. मार्झुकी दारुस्मान यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने ऑगस्ट २०१८ मध्ये वंशसंहाराचा शब्द वापरून सरसेनापती मिन आँग ह्लाइंग यांच्यासह सेनाधिकाऱ्यांची नावे घेतली, आणि २०२२ मध्ये अमेरिकेनेही अधिकृतपणे तोच शब्द उच्चारला.

माझी अडचण येथून पुढे सुरू होते. इतका निषेध, इतके अहवाल, दोन-दोन न्यायालये, आणि तरीही नोव्हेंबर २०१८ व ऑगस्ट २०१९ या दोन्ही वेळी परतीच्या बसगाड्या छावणीबाहेर उभ्या राहिल्या तेव्हा त्यांत कोणीही चढले नाही. दोन न्यायालयांचे काम नेमके कसे वेगळे आहे, पश्चिम आफ्रिकेतल्या गाम्बियाला यात पडण्याचे कारण काय, आणि एवढे सगळे होऊनही गाडे ज्या एका जागी रुतले आहे ती जागा कोणती, हे कोणी सांगेल का?

वकिलीण

पहिल्या दोन प्रश्नांना मी हात घालते. तिसऱ्याचे अधिकारी येथे आहेत, ते येतीलच.

हेग शहरात दोन निरनिराळी न्यायालये आहेत आणि आपली वर्तमानपत्रे त्यांची सर्रास गल्लत करतात. आंतरराष्ट्रीय न्यायालय हे संयुक्त राष्ट्रांचे अंग आहे. तेथे राष्ट्र विरुद्ध राष्ट्र असाच दावा चालतो, आपल्याकडच्या दिवाणी दाव्यासारखा, आणि तेथून कोणाला तुरुंगात धाडता येत नाही. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ही स्वतंत्र संस्था असून ती रोम संविधी या वेगळ्या आंतरराष्ट्रीय करारावर उभी आहे. तेथे पिंजऱ्यात माणूस उभा राहतो, राष्ट्र नाही.

गाम्बियाने दावा दाखल केला तो पहिल्यात, ११ नोव्हेंबर २०१९ रोजी. ‘तुमचा आमच्याशी संबंध काय’ हा आक्षेप म्यानमारनेही घेतला होता. १९४८ च्या वंशसंहार प्रतिबंधक कराराच्या नवव्या कलमाप्रमाणे सदस्य देशांमधला कराराविषयीचा वाद या न्यायालयात नेता येतो. म्यानमारने १९५६ मध्ये कराराला मान्यता देताना सहाव्या आणि आठव्या कलमांबाबत आपले राखीव मत नोंदवून ठेवले, नवव्याबाबत मात्र नोंदवले नाही, आणि ती राहून गेलेली नोंद साठाहून अधिक वर्षांनी अंगाशी आली. २२ जुलै २०२२ रोजी न्यायालयाने म्यानमारचे प्राथमिक आक्षेप फेटाळले. कराराचे पालन होते की नाही यात प्रत्येक सदस्य देशाचे हित गुंतलेले आहे, त्यासाठी त्या देशाला स्वतःला झळ पोचलेली असण्याची गरज नाही, असे पंधरा विरुद्ध एक मतांनी ठरले. ते एक मत चीनच्या न्यायाधीश श्वे हान्चिन यांचे होते. भारताचे दलवीर भंडारी बहुमतात होते.

मग बाकीचे देश सोडून गाम्बियाच का? याचे उत्तर निम्मे राजकारणात आहे आणि निम्मे एका माणसात. इस्लामी सहकार्य संघटनेतील ५७ देशांचे पाठबळ गाम्बियाला होते, हे राजकारण. तेथील तेव्हाचे न्यायमंत्री अबुबकर तंबादू यांनी रवांडातील वंशसंहाराच्या न्यायाधिकरणात अनेक वर्षे काम केले होते. मे २०१८ मध्ये ते परराष्ट्रमंत्र्यांच्या जागी ढाक्याच्या बैठकीला गेले, तेथून बांगलादेशातल्याच कॉक्स बझारच्या रोहिंग्या छावणीत गेले, आणि तेथे लोकांच्या तोंडून जे ऐकले ते त्यांना ओळखीचे वाटले. परराष्ट्रमंत्री त्या वेळी मोकळे असते तर हा दावा उभा राहिला असता का, असा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

डिसेंबर २०१९ ची सुनावणी मी थेट प्रक्षेपणात पाहिली आहे. तेव्हाच्या सरकारच्या प्रमुख नेत्या आंग सान स्यू की म्यानमारच्या वतीने स्वतः उभ्या राहिल्या. न्यायालयापुढे ठेवलेले चित्र अपूर्ण आणि दिशाभूल करणारे आहे, लष्कराने कोठे बळाचा अतिरेक केला असेल तर त्याचा न्याय देशांतर्गत व्यवस्था करील, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ‘अर्सा’चे पूर्ण नाव घेताना जो काही आला असेल तेवढा सोडला, तर ‘रोहिंग्या’ हा शब्द त्यांनी संपूर्ण भाषणात उच्चारला नाही. ज्यांच्याविषयी दावा चालला आहे त्यांचे नाव टाळूनही अख्खे भाषण करता येते, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिले. देशांतर्गत न्यायाची गोष्ट निघाली म्हणून सांगते : इन दिन गावात सप्टेंबर २०१७ मध्ये दहा रोहिंग्या पुरुषांना मारून एका खड्ड्यात पुरले गेले. त्या प्रकरणी सात सैनिकांना दहा वर्षांची शिक्षा झाली आणि वर्षही पुरे होण्याआत ते सुटले. ते हत्याकांड उजेडात आणणारे रॉयटर्सचे दोन वार्ताहर, वा लोन आणि क्यॉ सो ऊ, मात्र पाचशेहून अधिक दिवस तुरुंगात होते. मारणाऱ्यांपेक्षा लिहिणाऱ्यांनी जास्त दिवस काढले.

२३ जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने अंतरिम आदेश दिला. रोहिंग्यांचा संहार होऊ नये यासाठी सर्व उपाय करा, पुरावे नष्ट होऊ देऊ नका, आणि केले काय याचा अहवाल आधी चार महिन्यांनी व पुढे दर सहा महिन्यांनी द्या, असे त्यात होते. हा आदेश एकमताने झाला, म्हणजे म्यानमारने स्वतः नेमलेले तदर्थ न्यायाधीश क्लाउस क्रेस हेही त्यात सामील होते. मात्र ते सहामाही अहवाल आजवर जाहीर झालेले नाहीत.

मूळ मुद्द्यांवरची सुनावणी जानेवारी २०२६ मध्ये झाली आणि तिच्यातला खरा डाव हेतूच्या पुराव्याचा आहे. माणसे मारली एवढे सिद्ध होऊन वंशसंहार सिद्ध होत नाही. तो समूह समूह म्हणून नष्ट करण्याचा हेतू दाखवावा लागतो, आणि वर्तणुकीवरून हेतू काढायचा असेल तर त्या वर्तणुकीचा दुसरा कोणताही वाजवी अर्थ निघता कामा नये, अशी कसोटी याच न्यायालयाने घालून ठेवली आहे. या कसोटीवर २००७ मध्ये बोस्नियाच्या दाव्यात फक्त स्रेब्रेनित्सा येथले हत्याकांड टिकले आणि २०१५ मध्ये क्रोएशियाच्या दाव्यात काहीच टिकले नाही. म्यानमारचे वकील ‘ही दहशतवादविरोधी मोहीम होती’ असे म्हणतात ते याचसाठी, कारण दुसरा वाजवी अर्थ उभा करता आला की त्यांचे काम झाले.

फौजदारी न्यायालयाची अडचण निराळी होती, कारण म्यानमार त्याचा सदस्यच नाही. बांगलादेश २०१० पासून आहे. माणसाला देशाबाहेर हाकलण्याचा गुन्हा अर्धा म्यानमारात घडतो आणि सीमा ओलांडली की बांगलादेशाच्या जमिनीवर पुरा होतो, एवढ्या धाग्यावर न्यायाधीशांनी सप्टेंबर २०१८ मध्ये अधिकारक्षेत्र मान्य केले, नोव्हेंबर २०१९ मध्ये तपासाला परवानगी दिली आणि २७ नोव्हेंबर २०२४ रोजी अभियोक्ता करीम खान यांनी मिन आँग ह्लाइंग यांच्या अटक वॉरंटसाठी अर्ज केला. सुरक्षा परिषदेने हे प्रकरण सरळ या न्यायालयाकडे सोपवले असते तर असा आडवळणाचा रस्ता लागला नसता, पण तेथे चीन आणि रशिया यांचा नकाराधिकार आहे. डिसेंबर २०२२ मधला २६६९ क्रमांकाचा ठराव निघाला तो म्यानमारच्या लष्कराने २०२१ मध्ये उठाव करून सत्ता घेतल्यानंतरच्या एकूण परिस्थितीवर, आणि त्यावरही चीन, रशिया व भारत तटस्थ राहिले.

जुनी_पाने

वकिलीणबाईंनी २०१७ पासून सुरुवात केली, मी १९८२ पासून करतो, कारण नदीकाठ यांना हवी असलेली रुतलेली जागा तेथे आहे.

ऑक्टोबर १९८२ मध्ये ने विन यांच्या राजवटीने नागरिकत्वाचा नवा कायदा आणला. १८२३ पूर्वीपासून या भूमीत राहणाऱ्या ‘राष्ट्रीय वंशां’चे लोक तेवढे पूर्ण नागरिक, बाकीच्यांसाठी सहयोगी आणि अंगीकृत अशा दोन खालच्या पायऱ्या. १८२३ का, तर १८२४ मध्ये पहिले इंग्रज-ब्रह्मी युद्ध सुरू झाले आणि १८२६ च्या यांदाबोच्या तहाने आराकान, म्हणजे आजचा रखाइन, इंग्रजांकडे गेला. त्यानंतर चितगावच्या बाजूने शेतमजूर आले, हे खरेच आहे. त्याआधीही तेथे मुसलमान होते, हेही तितकेच खरे आहे. फ्रान्सिस ब्युकॅनन या कंपनी सरकारच्या डॉक्टराने १७९९ मध्ये छापलेल्या टिपणात आराकानात दीर्घकाळ राहिलेले मुसलमान स्वतःला ‘रुइंगा’ म्हणवतात अशी नोंद केलेली आहे. पुढे राष्ट्रीय वंशांची १३५ नावांची यादी जाहीर झाली. तीत रोहिंग्या नाहीत.

दोनशे वर्षांपूर्वीचा कागद दाखवा असे म्हटले तर या धाग्यावरचे आपण किती जण टिकू, हे ज्याने त्याने आपल्या घरच्या ट्रंकेत पाहावे.

पण केवळ कायदा वाचून काही उलगडत नाही. हातातली कार्डे क्रमाने मांडावी लागतात. स्वातंत्र्यानंतर रोहिंग्यांना इतरांसारखीच राष्ट्रीय नोंदणीपत्रे मिळत होती. साठच्या दशकाच्या सुरुवातीला रंगूनच्या नभोवाणीवर रोहिंग्या भाषेतला कार्यक्रम होता, आणि मयू सीमा जिल्हा म्हणून त्यांच्या मुलखासाठी वेगळी प्रशासकीय सोय होती. १९७८ मध्ये ‘नागराज’ या नावाने कागद तपासण्याची मोहीम निघाली आणि दोन लाखांहून अधिक लोक बांगलादेशात पळाले. बहुतेकांना परत आणले गेले, आणि चारच वर्षांनी हा कायदा आला. १९९१-९२ मध्ये पुन्हा अडीच लाखांच्या आसपास लोक पळाले. त्यांतलेही बरेचसे परत गेले आणि १९९५ पासून त्यांच्या हाती ‘पांढरे कार्ड’ आले, जे तात्पुरते होते आणि नागरिकत्वाचा पुरावा नव्हे असे त्यावरच लिहिलेले असे. त्या पांढऱ्या कार्डावर त्यांनी २०१० मध्ये मतदान केले, त्यांचे प्रतिनिधी संसदेत गेले. २०१४ च्या जनगणनेत स्वतःची नोंद ‘रोहिंग्या’ अशी सांगणाऱ्याला गणलेच गेले नाही. ‘बंगाली’ म्हणा, नाहीतर पुढचे घर. २०१५ मध्ये पांढरी कार्डेही रद्द झाली आणि त्या वर्षीच्या निवडणुकीत ना त्यांना मत होते ना उमेदवारी. त्यानंतर आले ‘राष्ट्रीय पडताळणी कार्ड’. ते घेणे म्हणजे आपण परके आहोत आणि आता पडताळणीसाठी अर्ज करतो आहोत हे स्वतःच्या सहीने मान्य करणे, म्हणून लोकांनी ते नाकारले, आणि ज्याने नाकारले त्याला मासेमारीला जाण्याचीही परवानगी मिळेना.

या सगळ्या काळात हातात कागद नसण्याचा रोजचा अर्थ काय होता? दुसऱ्या तालुक्यात जायचे तर परवाना. लग्न करायचे तर परवाना. उत्तर रखाइनमधल्या मॉंगडॉ आणि बुथिडौंग या तालुक्यांत दोनच मुलांची मर्यादा फक्त रोहिंग्यांना. वर्षातून एकदा अधिकारी घरी येणार, सगळ्या कुटुंबाला ओळीने उभे करून छायाचित्र घेणार आणि यादीशी ताडून पाहणार. त्या दिवशी जो बाहेरगावी असेल त्याचे नाव खोडले जाण्याची भीती. २०१२ च्या रखाइन बौद्ध आणि मुसलमान यांच्यातल्या दंगलींनंतर रखाइनची राजधानी सितवे हिच्या भोवतीच्या छावण्यांत जे सव्वालाखाहून अधिक लोक कोंडले गेले ते आपल्याच गावापासून चालत जाण्याच्या अंतरावर कोंडले गेले.

माझे मत असे की, बाहेरचे जग हिंसाचार मोजते आणि मुळाशी असलेला कागद त्याच्या मापात बसत नाही. रखाइनच्या प्रश्नावर म्यानमार सरकारनेच नेमलेल्या, संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या आयोगाला तो दिसला होता. १९८२ च्या कायद्याचा फेरविचार करा, अशी त्यांची शिफारस होती. तो अंतिम अहवाल २४ ऑगस्ट २०१७ रोजी प्रसिद्ध झाला. दुसऱ्या दिवशी काय झाले ते वर आलेच आहे. १९७८ आणि १९९२ मध्ये लोक परत गेले ते कागदाविना गेले, म्हणून पुन्हा हाकलले गेले. तिसऱ्या वेळी बस रिकामी राहिली यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

अवांतर : ब्रह्मदेश म्हटला की आपल्याला मंडालेचा तुरुंग आणि रत्नागिरीचा थिबा राजवाडा आठवतो, आणि १९३७ पर्यंत तो हिंदुस्थानच्या राज्यकारभाराचाच एक भाग होता हे आपण विसरतो. तेव्हा चितगावहून अक्याबला म्हणजे आजच्या सितवेला मजुरीसाठी जाणारा माणूस एकाच सरकारच्या राज्यात इकडून तिकडे जात होता.

स्पष्टवक्ता

दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, पण चित्र एका बाजूने रंगवले जात आहे असे मला वाटते. ‘अर्सा’ने ऑगस्ट २०१७ मध्येच उत्तर रखाइनमधल्या खा माँग सेक येथे हिंदू गावकऱ्यांना वेगळे काढून मारले, ९९ पर्यंत माणसे मारली गेली, आणि हे म्यानमार सरकारने नव्हे तर ॲम्नेस्टीने मे २०१८ मध्ये सांगितले. त्यांची नावे हेगमध्ये कोण घेणार? शिवाय छावण्यांत याच गटांची दहशत आहे. एखाद्या देशाने सशस्त्र बंडखोरीला उत्तर दिले तर लगेच वंशसंहार म्हणायचे का, हा प्रश्न विचारला की माणूस निर्दय ठरतो, पण तो विचारला पाहिजे.

पाणीवाला

स्पष्टवक्ता यांनी सांगितलेली घटना खरी आहे आणि ती कोणत्याही व्याख्यानात आलीच पाहिजे. अर्साने ती नाकारली, पण ॲम्नेस्टीचा अहवाल वाचून तो नकार पटत नाही. छावण्यांतली दहशतही खरी. मोहिबुल्ला हे शिक्षक गावोगावच्या हत्यांच्या याद्या हाताने लिहून काढत होते, २०१९ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांपर्यंत जाऊन आले होते, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांना छावणीतल्या त्यांच्या कार्यालयात गोळ्या घातल्या गेल्या. त्या माणसाला मारण्याने म्यानमारचे लष्कर सोडून कोणाचा फायदा झाला, हे मला अजून समजलेले नाही. पण चौकीवर हल्ला करणाऱ्याचा पाठलाग करायचा असेल तर तीनशेच्या वर गावे जाळावी लागत नाहीत, आणि तुला तोली या गावी नदीकाठच्या वाळूत अडकलेल्या बायकामुलांना बंडखोर म्हणता येत नाही. अर्साचा गुन्हा आणि लष्कराचा गुन्हा यांत निवड करण्याची वेळ कोणी कोणावर आणलेली नाही.

मी स्वतः २०१८ च्या पावसाळ्याच्या तोंडावर चार महिने कॉक्स बझार जिल्ह्यातल्या उखियाजवळच्या कुतुपालोंग छावणीत पाणी आणि शौचालयांच्या कामावर होतो, तेवढ्यापुरते सांगतो.

कुतुपालोंगच्या टेकड्या आधी जंगलाच्या होत्या. लोकांनी मिळेल त्या उतारावर पायऱ्या खणून बांबू रोवले आणि वर ताडपत्री ओढली. लाकूडफाट्यासाठी झाडांची मुळेही उपटली गेल्यामुळे माती मोकळी झाली आणि पहिल्याच जोरदार पावसात ती घसरू लागली. मधून हत्तींची जुनी वाट जात होती. वाट आडवी झालेली पाहून हत्ती रात्री वस्तीत शिरत आणि त्यांच्या पायांखाली डझनभर माणसे गेली. घाईत खणलेल्या उथळ हातपंपांपासून चार पावलांवर शौचालयाचा खड्डा, अशी स्थिती होती. आमचे निम्मे काम म्हणजे आपणच आधी खणलेले बुजवून खोल बोअर घेणे.

दर काही घरांमागे एक मुकादम असतो, त्याला तेथे ‘माझी’ म्हणतात. मराठी कानाला तो शब्द पहिले चार दिवस विचित्रच लागतो. ‘माझी कोठे आहे’ असे विचारताना मीच अडखळत असे. एकदा पंपाच्या जागेसाठी सह्या हव्या होत्या म्हणून माझीने आसपासच्या लोकांना बोलावले. एक म्हातारी बाई आली. सही किंवा अंगठा हवा एवढेच आम्ही म्हटले होते, पण तिने कमरेची प्लास्टिकची पिशवी सोडली, तिच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी, आणि तिसरीतून घडीच्या जागी फाटलेले एक जुने तीन पानी नोंदणीपत्र निघाले. ते तिच्या सासऱ्याचे होते. त्याखाली पांढरे कार्ड जमा करून घेतल्याची पावती, त्याखाली वर्षाच्या घरमोजणीतले छायाचित्र, ज्यात अकरा माणसे ओळीने उभी होती. बाईने बोट ठेवून त्यांतली सात आता नाहीत असे सांगितले. पंपाला यांतला एकही कागद लागत नव्हता. तरी ते सर्व पाहून होईपर्यंत तिने अंगठा दिला नाही.

यावरून मला जुनी_पाने यांचा मुद्दा पुरता पटतो, फक्त त्याला एक पुरवणी जोडायची आहे. बांगलादेशही त्यांना निर्वासित म्हणत नाही. सरकारी कागदावर ते ‘बळजबरीने विस्थापित झालेले म्यानमारचे नागरिक’ आहेत. म्हणजे म्यानमार ज्यांना बंगाली म्हणते त्यांना बांगलादेश म्यानमारचे नागरिक म्हणतो, आणि दोन्हीकडे त्यांचे स्वतःचे नाव गाळलेले आहे. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायोगाबरोबर नवी ओळखपत्रे निघू लागली तेव्हा आमची माहिती पलीकडे जाईल म्हणून लोकांनी दुकाने बंद ठेवली, आणि पुढे तशी माहिती बांगलादेशाने म्यानमारला दिल्याचे ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने २०२१ मध्ये उघड केलेही. नोव्हेंबर २०१८ मधली परतीची यादी अशीच आली होती. ज्यांची नावे तीत होती त्यांतले कित्येक आपली खोपटी सोडून दुसऱ्या छावणीत नातलगांकडे लपले. नदीकाठ यांनी लिहिलेल्या रिकाम्या बसगाड्यांची ही मागची बाजू आहे.

मदतीविषयी एवढेच की, ती कृपेवर चालते आणि कृपा आटते. जागतिक अन्न कार्यक्रम महिन्याला माणशी १२ डॉलरांचे अन्न देत होता. २०२३ मध्ये ते आधी १० आणि मग ८ डॉलरांवर आले, पुढे पुन्हा वाढले, आणि मार्च २०२५ मध्ये एकदम ६ डॉलरांवर आणण्याची घोषणा करून ऐन वेळी मागे घेतली गेली. छावणीतल्या माणसाला कायद्याने काम करता येत नाही, त्यामुळे तुटीची भरपाई तो होडीत बसून, समुद्रमार्गे दुसऱ्या देशाकडे निघून करतो.

नदीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. व्याख्यानाची मांडणी मी आता कार्डांच्या क्रमानेच करणार आहे. दोन गोष्टी राहिल्या. एक, प्रश्नोत्तरांत भारताविषयी विचारले जाणारच, तेव्हा आपल्याकडची कायदेशीर स्थिती काय आहे? दुसरी, डिसेंबर २०२४ पासून मॉंगडॉ आराकान आर्मीच्या, म्हणजे लष्कराविरुद्ध लढणाऱ्या रखाइन वंशीयांच्या सशस्त्र संघटनेच्या, ताब्यात आहे आणि बांगलादेशाला लागून असलेली संपूर्ण सीमा आता त्यांच्याकडे आहे. मग हेगचा आदेश बांधणार कोणाला?

वकिलीण

भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर आणि १९६७ च्या पूरक करारावर सही केलेली नाही, आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाही नाही. त्यामुळे निर्वासित उच्चायोगाचे कार्ड खिशात असले तरी परकीयांविषयीच्या कायद्याच्या नजरेत तो माणूस बेकायदा आलेला परकीयच राहतो. २०१७ मध्ये सरकारने देशातील रोहिंग्यांचा आकडा सुमारे ४०,००० सांगितला होता. जम्मूत स्थानबद्ध केलेल्यांच्या प्रकरणात ८ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, तेव्हाचे सरन्यायाधीश म्हणजे आपल्या नागपूरचे शरद बोबडे, असे म्हटले की राज्यघटनेच्या चौदाव्या (समानता) आणि एकविसाव्या (जीवित व स्वातंत्र्य) कलमांचे संरक्षण नागरिक नसलेल्यालाही आहे, पण हद्दपार न होण्याचा हक्क हा भारतात राहण्याच्या हक्काला जोडून येतो आणि तो फक्त नागरिकांचा आहे. विहित प्रक्रिया पाळल्याखेरीज मात्र कोणाला पाठवू नये. पुढच्याच महिन्यात मणिपूर उच्च न्यायालयाने उठावानंतर पळून आलेल्या म्यानमारच्या पत्रकारांबाबत नेमके उलट टोक धरले आणि जिवाला धोका असेल तेथे परत न धाडण्याचे तत्त्व एकविसाव्या कलमातच वाचले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, रोहिंग्या निर्वासित ठरतात की बेकायदा प्रवेश केलेले, हाच प्रश्न सुनावणीसाठी निश्चित केला आहे. वंशसंहार प्रतिबंधक करार मात्र भारताने १९५९ मध्ये स्वीकारला, हेही सांगावे. सितवे बंदर आणि तेथून रखाइनमार्गे मिझोरमकडे येणाऱ्या कलादान वाहतूक प्रकल्पात आपला पैसा आहे, त्यामुळे रखाइनच्या बाबतीत आपण केवळ प्रेक्षक आहोत असे म्हणता येत नाही.

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा आदेश राष्ट्रावर आहे, म्हणजे म्यानमारवर, आणि ज्या गावांच्या रक्षणासाठी तो दिला त्यांतली बहुतेक आता म्यानमार सरकारच्या हातात नाहीत. आराकान आर्मी त्या दाव्यात पक्षकार नाही. मे २०२४ मध्ये बुथिडौंगमध्ये घरे जळाली, ५ ऑगस्ट २०२४ रोजी नाफच्या काठावर होड्यांची वाट पाहणाऱ्या जमावावर ड्रोनमधून स्फोटके पडली, आणि वाचलेल्यांनी आराकान आर्मीकडे बोट दाखवले. आराकान आर्मीने ते नाकारले. दुसरीकडे, ज्यांना नागरिक मानत नव्हते त्याच रोहिंग्या तरुणांना लष्कराने फेब्रुवारी २०२४ पासून सक्तीने भरती करून आराकान आर्मीविरुद्ध लढायला उभे केले होते. २०२४ च्या सुरुवातीपासून दीड वर्षात आणखी सुमारे दीड लाख लोक बांगलादेशात आले.

येथे फौजदारी न्यायालयाचे ते आडवळण उपयोगी पडते. नोव्हेंबर २०१९ ची परवानगी फक्त २०१७ पुरती किंवा फक्त लष्करापुरती नाही. गुन्ह्याचा काही भाग बांगलादेशाच्या भूमीवर घडला असेल आणि तो याच परिस्थितीशी जोडलेला असेल, तर पुढे घडणारे गुन्हेही, कोणीही केलेले असोत, त्या तपासात येतात. त्या ऑगस्टमध्ये नाफच्या काठावरून जे पलीकडे पोचले त्यांची साक्ष त्यामुळे आजही नोंदवता येते. मागच्या खेपेप्रमाणे ती नोंदवणारे लोक कॉक्स बझारमध्ये आहेतच.